हजार मैलांची शर्यत आणि रस्त्याच्या कडेची माणसं



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक लवकर आटोपली. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या, चहा तेवढा यायचा होता. गटातल्या एका ताईंची लेक चाकणला मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. तिने आईच्या मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला होता. तो आम्ही सगळ्या जणी डोक्याला डोकं लावून बघत बसलो.

इटली देशातलं एक लहानसं गाव. दगडी घरं, अरुंद गल्ली, आणि त्या गल्लीतून एकामागून एक जुन्या मोटारी चाललेल्या. कुणी लाल, कुणी हिरवी, कुणी रुपेरी. काहींना टपच नाही, काहींची चाकं सायकलसारखी तारांची. एक तर इतकी बुटकी आणि गोल, की तिला पुढच्या बाजूनेच फ्रीजसारखं दार. गावातली माणसं कडेला खुर्च्या टाकून बसलेली, पोरांच्या हातात कागदी झेंडे, आणि प्रत्येक गाडीला टाळ्या.

आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर मावशींनी दोन प्रश्न विचारले. शर्यत म्हणता, मग या एवढ्या सावकाश का चालल्यात? आणि ती पोरं रस्त्याच्या इतकी जवळ उभी आहेत, त्यांना कुणी मागे का घेत नाही?

आमच्यातल्या एकीचा बी.ए.ला इतिहास होता, म्हणून शोधायचं काम तिच्या गळ्यात पडलं. तिने वाचून आणलं, त्यावर आम्ही दोन बैठका बोललो, आणि तेच आज तुम्हाला सांगतोय. मावशींचे दोन्ही प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी जाऊन पोचले.

या शर्यतीचं नाव मिल्ले मिल्या. इटालियन भाषेत त्याचा अर्थ हजार मैल. उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहरातून निघायचं, खाली रोमपर्यंत जायचं आणि दुसऱ्या वाटेने परत ब्रेशाला यायचं. अंतर सुमारे १६०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून नागपूरला जाऊन परत यावं साधारण तेवढं. ब्रेशात १९२१ साली इटलीची मोठी ग्रां प्री शर्यत झाली होती. पुढच्याच वर्षी ती मोंझाला गेली, तिथे खास शर्यतीसाठी नवा रस्ता बांधला होता. ब्रेशाच्या लोकांना हे लागलं. चार मित्रांनी ठरवलं, आपण बांधीव रस्ता करायचाच नाही, देशाचाच रस्ता वापरायचा. २६ मार्च १९२७ रोजी पहिली शर्यत सुटली. जिंकली ती ब्रेशातच तयार झालेली ओएम कंपनीची गाडी, २१ तासांपेक्षा थोड्या जास्त वेळात, ताशी साधारण ७७ किलोमीटरच्या वेगाने. आज आपली जीपसुद्धा एवढी पळते. पण त्या वेळी तिथल्या कितीतरी रस्त्यांवर डांबर नव्हतं, नुसती खडी आणि धुरळा होता, हे विसरून चालणार नाही.

देशाचा रस्ता म्हणजे गावातला रस्ता. शेताच्या बांधाजवळून, चर्चच्या दारावरून, बाजाराच्या चौकातून. तिकीट नाही, कठडा नाही. गाड्या एका वेळी सुटत नसत, ठरावीक अंतराने एकेक सुटायची. लहान कमी ताकदीच्या गाड्या रात्री, मोठ्या पहाटेनंतर. म्हणजे एखाद्या गावात तासन् तास गाड्या येतच राहायच्या. लाखो माणसं ही शर्यत बघायची, आणि त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात स्वतःची मोटार घेतलेली नव्हती. ज्याला घ्यायला जमत नाही त्याला बघायला तरी मिळतं, ही त्यातली खरी गोडी. आपल्याकडे यात्रेत बैलगाडा बघायला घाटाच्या दोन्ही अंगांना माणसं जशी दाटीने उभी राहतात, तसंच ते. गाडा जवळ आला की गर्दी आपोआप पुढे सरकते. पुढे वाकल्याशिवाय दिसतच नाही ना.

१९३८ साली बोलोन्या शहरात एक गाडी वळणावर ताबा सुटून गर्दीत घुसली. दहा माणसं गेली, त्यातली सात मुलं होती. तेव्हाच्या मुसोलिनी सरकारने साध्या रस्त्यावरची ही शर्यत बंद केली. आम्हाला वाटलं, गोष्ट इथेच संपली असेल. नाही संपली. मध्ये महायुद्ध झालं आणि १९४७ साली शर्यत परत सुरू झाली.

त्या १९४७ सालची एक गंमत. युद्धानंतर इटलीत टायर आणि पेट्रोल मिळत नव्हतं. शर्यतीत नाव नोंदवणाऱ्याला मात्र दोन्ही सरकारी भावाने मिळायचं. मग पुष्कळांनी नावं नोंदवली, टायर घेतले आणि शर्यतीच्या दिवशी उगवलेच नाहीत, असं सांगतात. हे ऐकल्यावर आमच्या बैठकीत इतकं हसू झालं की काही विचारू नका. योजना कुठलीही असो आणि देश कुठलाही असो!

त्यानंतर गाड्या ताकदवान होत गेल्या, रस्ते मात्र तेच राहिले. १९५५ साली स्टर्लिंग मॉस या इंग्रज चालकाने मर्सिडीजमधून हे हजार मैल १० तास ७ मिनिटं ४८ सेकंदांत कापले. सरासरी वेग ताशी १५७ किलोमीटर. म्हणजे १९२७ च्या दुप्पट, आणि तेही घाट, गावं, पूल सगळं धरून. त्याच्या गाडीवर ७२२ आकडा होता, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली होती. शेजारी बसला होता डेनिस जेन्किन्सन नावाचा दाढीवाला पत्रकार. दोघांनी आधी तो रस्ता पुन्हा पुन्हा फिरून पाहिला होता. कुठे वळण, कुठे चढ, कुठे पलीकडचं दिसत नाही, हे सगळं जेन्किन्सनने एका लांबलचक कागदावर लिहून काढलं. त्या कागदाची गुंडाळी सुमारे पाच मीटर भरायची. ती एका डबीत बसवली, डबीला खिडकी ठेवली, आणि तो वाट येईल तसा कागद पुढे सरकवत गेला. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून दोघांनी हाताच्या खुणा ठरवल्या होत्या. जगाला मॉस माहीत आहे. आम्हाला मात्र जेन्किन्सनच जास्त आवडला. आमच्या गटाची वही ज्या ताई लिहितात त्या तर म्हणाल्या, बघा, लिहिणाऱ्यामुळेच गाडी पोचली.

त्याच वर्षी, महिनाभरानंतर, फ्रान्समध्ये ल मान्स इथल्या शर्यतीत एक गाडी गर्दीत फुटली आणि ८० हून जास्त प्रेक्षक मरण पावले. ती गाडीही मॉसने चालवली त्याच जातीची होती. तरी ब्रेशाची शर्यत पुढच्या वर्षी झाली. त्याच्या पुढच्या वर्षीही झाली.

१२ मे १९५७. स्पेनचा अल्फोन्सो द पोर्तागो, वय २८, फेरारी गाडीत. सोबत त्याचा अमेरिकन जोडीदार एडमंड नेल्सन. ब्रेशा जवळ आलं होतं. ग्विदिझोलो गावाजवळच्या सरळ रस्त्यावर गाडी ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावत असताना टायर फुटलं. गाडी उडून कडेच्या माणसांत गेली. पोर्तागो आणि नेल्सन गेलेच, पण कडेला उभी असलेली नऊ माणसंही गेली. त्यांतली पाच मुलं होती. शर्यत त्यांच्या घरावरून जात होती, ती बघायला ते बाहेर आले होते. त्यांची चूक काढायचीच तर एवढीच.

या अपघाताबद्दल वाचताना आम्हाला एका गोष्टीचा राग आला. पोर्तागो रोमला थांबला होता तेव्हा एका प्रसिद्ध नटीने पुढे येऊन त्याचं चुंबन घेतलं, त्याचा फोटो निघाला. तो फोटो आजवर कितीदा छापला गेला असेल याची गणती नाही. शेवटचं चुंबन, मरणाचं चुंबन, असली नावं त्याला दिली. पाच मुलांबद्दल मात्र बहुतेक ठिकाणी एकच ओळ असते. ती कुणाची होती, कितवीत होती, कुणी त्यांना जेवायला हाक मारत होतं का, काही नाही. त्या जागी त्यांचं स्मारक आहे, एवढं बरं.

ती शर्यत जिंकली पिएरो तारुफी यांनी. वय ५०, केस पांढरे झालेले. वर्षानुवर्षं ते ही शर्यत जिंकायचा प्रयत्न करत होते. एकदा जिंकलो की थांबेन, असा शब्द त्यांनी बायकोला दिला होता. तो त्यांनी पाळला, पुन्हा शर्यतीत उतरले नाहीत. गाडी बनवणारे एन्झो फेरारी यांच्यावर खटला चालला आणि १९६१ साली ते निर्दोष सुटले. सरकारने रस्त्यावरची शर्यत बंद केली, ती या वेळी कायमची. १९२७ पासून एकूण २४ वेळा ती झाली होती. नाव टिकवायला पुढे दोन-चार वर्षं कमी वेगाची रॅली करून पाहिली, पण ती रुजली नाही.

आता मावशींच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. पहिल्या शर्यतीला ५० वर्षं झाली तेव्हा, १९७७ साली, जुन्या गाड्या घेऊन मिल्ले मिल्या पुन्हा काढली. आता ती दर वर्षी होते, साधारण ४०० गाड्या असतात आणि प्रवास काही दिवस चालतो. १९२७ ते १९५७ या काळात ज्या जातीच्या गाड्या त्या शर्यतीत होत्या, त्याच इथे घेतात. ती फ्रीजच्या दाराची गाडी इसेट्टा, तीसुद्धा १९५४ साली खरोखर धावली होती. पण आता जो सर्वांत आधी पोचला तो जिंकला, असं नाही. रस्त्यावर रबरी नळ्या आडव्या टाकलेल्या असतात. या नळीपासून त्या नळीपर्यंत इतक्याच सेकंदांत जायचं, असं ठरवून दिलेलं असतं. लवकर पोचलात तरी गुण गेले, उशिरा पोचलात तरी गेले. मोजमाप सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. शेजारी बसलेला जोडीदार घड्याळ बघून मोठ्याने उलटे आकडे मोजतो, चालक त्या तालावर गाडी हळूहळू नळीवर आणतो. आमच्या एक काकू म्हणाल्या, हे भाकरीसारखं झालं. तव्यावरून आधी उचलली तर कच्ची, मागून उचलली तर करपली. यापेक्षा सोपं करून आम्हाला सांगता येणार नाही. शिवाय जास्त जुन्या गाडीला गुणांत सवलतही मिळते.

बायका? होत्या. बॅरोनेस मारिया अंतोनिएत्ता आव्हांझो या इटालियन बाईंनी जुन्या काळातच ही शर्यत एकाहून अधिक वेळा केली. आता दोघीही बायका असलेल्या जोडीसाठी वेगळा चषक असतो. पण खरं सांगायचं तर हा श्रीमंतांचा खेळ आहे. त्यातल्या कितीतरी गाड्यांची किंमत कोटींत जाते. आपण त्यात असलो तर कडेच्या खुर्चीवरच असणार, म्हणून आम्ही ही सगळी गोष्ट कडेच्या खुर्चीवरून वाचली.

यावर आमच्यात वादही झाला. एकीचं म्हणणं, ज्या शर्यतीने एवढी मुलं नेली तिचं नाव काढून टाळ्या कसल्या वाजवायच्या? दुसरीचं म्हणणं, नाव ठेवलं पण त्यातला वेग काढून टाकला, हेच त्यांचं शहाणपण. तिसरी म्हणाली, शहाणपण यायला १९३८ सालची सात मुलं पुरली नाहीत का, आणखी १९ वर्षं कशाला लागली? याला कुणाकडे उत्तर नव्हतं. चहा निवला.

दुसरा प्रश्न राहिला, पोरांना मागे का घेत नाहीत. व्हिडिओ आम्ही पुन्हा लावला, या वेळी गाड्यांकडे न बघता. तेव्हा दिसलं, घेतात. एक आजी दारात उभी होती, नातवाची कॉलर तिच्या मुठीत. तो पुढे वाकला की कॉलर ताणली जायची. गाडी जवळून गेली तरी बाईचं लक्ष गाडीकडे नव्हतंच.

आमच्या गावची यात्रा तीन आठवड्यांवर आली आहे. बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा वाट मोकळी केली, तेव्हापासून गर्दी दर वर्षी वाढतेच आहे. घाटाच्या माथ्यावर, जिथे बैल निशाण ओलांडतात आणि लगेच आवरत नाहीत, तिथेच पोरं सगळ्यांत जास्त असतात. बायका लांब बसतात, पोरं हातातून निसटून पुढे पळतात. या वेळी ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही ठराव केला आणि तो यात्रा कमिटीला लेखी दिला. माथ्यावर दोन्ही बाजूंना दहा-दहा पावलं मागे दोर बांधायचा, आणि प्रत्येक गटातल्या दोघी जणी आळीपाळीने दोराजवळ उभ्या राहणार. कमिटीतले काही जण हसले. बायका काय घाटात उभ्या राहणार, असंही एक जण म्हणाला. पण नाही म्हणाले नाहीत. दोर आणलाय, शंभर मीटरचा. तो पुरत नाही असं परवा मोजल्यावर कळलं, म्हणून अजून एवढाच घ्यायचा आहे. ज्या गावांत यात्रा आधी आहे तिथल्या तायांनी असं काही केलं असेल तर आम्हाला केंद्रावर नक्की कळवा. मावशींनी आपली पाळी सकाळची मागून घेतली आहे.