मोठ्या जातींच्या कुत्र्यांतील गर्भावस्था

मोठ्या जातींच्या कुत्र्यांतील गर्भावस्था म्हणजे साधारणतः २५ किलोग्रॅमहून अधिक वजनाच्या कुत्रीमध्ये गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंतचा काळ होय. बीजमोचनापासून मोजल्यास हा काळ लहान-मोठ्या सर्व जातींत सुमारे ६३ दिवसांचाच असतो. जातीच्या आकारामुळे प्रामुख्याने बदलते ती एका वेतातील पिल्लांची संख्या. ही संख्या आधी ठाऊक नसल्यास कुत्रीची प्रसूती संपली की एखादे पिल्लू आत अडकून राहिले, हे बाहेरून ओळखणे अवघड जाते. त्यामुळे गर्भकाळाची अचूक मोजणी आणि पिल्लांची पूर्वगणना या दोन गोष्टींना मोठ्या जातींच्या संगोपनात विशेष महत्त्व आहे.

गर्भकाळाची मोजणी

लहान जातींच्या कुत्र्या सहा ते बारा महिन्यांच्या वयात प्रथम माजावर येतात. मोठ्या जातींत यास दीड ते दोन वर्षेही लागू शकतात. त्यानंतर माज साधारणपणे दर सहा-सात महिन्यांनी येतो.

कुत्रीचे बीजांड अंडाशयातून अपक्व अवस्थेत बाहेर पडते व फलनक्षम होण्यास त्याला दोन-तीन दिवस लागतात. उलट नराचे शुक्राणू मादीच्या जननमार्गात सहा-सात दिवस जिवंत राहू शकतात. म्हणून मिलनाच्या दिवसापासून मोजलेला गर्भकाळ ५७ पासून ७२ दिवसांपर्यंत काहीही भरू शकतो, आणि मिलनाच्या तारखेत ६३ दिवस मिळवून काढलेली तारीख हा केवळ अंदाज ठरतो. माजाच्या काळात रक्तातील प्रोजेस्टेरॉनची पातळी तपासून बीजमोचनाचा दिवस निश्चित केल्यास प्रसूतीची तारीख एक-दोन दिवसांच्या फरकाने सांगता येते. पोटात एक-दोनच पिल्ले असल्यास गर्भकाळ किंचित लांबतो. पिल्ले पुष्कळ असल्यास तो थोडा आखूड होतो.

एकाच माजात कुत्रीचा अनेक नरांशी संबंध आल्यास एकाच वेतात वेगवेगळ्या बापांची पिल्ले जन्मू शकतात. मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कुत्र्यांमध्ये एकाच वेतातील पिल्ले रंगारूपाने अगदी भिन्न दिसतात, त्यामागे हेही एक कारण असू शकते.

पिल्लांची संख्या

नॉर्वेमधील २२४ जातींच्या १०,८१० वेतांच्या नोंदींवर आधारित, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका वेतातील पिल्लांची सरासरी संख्या ५.४ आढळली. अतिलहान जातींत ती ३.५, लहान जातींत ४.२, मध्यम जातींत ५.७, मोठ्या जातींत ६.९ आणि महाकाय जातींत ७.१ होती. म्हणजे मोठ्या जातींपर्यंत संख्या झपाट्याने वाढते व पुढे तो वेग मंदावतो. ग्रेट डेन हा लॅब्रॅडोरच्या जवळजवळ दुप्पट वजनाचा असला तरी त्याला दुप्पट पिल्ले होत नाहीत.

आकाराखेरीज कुत्रीचे वय, पोषण आणि मिलनाची वेळ यांचाही परिणाम होतो. दोन ते चार वर्षे वयात पिल्ले सर्वाधिक होतात. पुढे संख्या घटते व मृत पिल्लांचे प्रमाण वाढते. आजवरचे सर्वांत मोठे नोंदलेले वेत २४ पिल्लांचे आहे. इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात टिया नावाच्या नेपोलिटन मॅस्टिफ कुत्रीने २९ नोव्हेंबर २००४ रोजी शस्त्रक्रियेद्वारे त्यांना जन्म दिला. त्यांपैकी २० पिल्ले जगली. कुत्रीला बहुधा आठ ते दहा सड असतात. त्याहून अधिक पिल्ले झाल्यास दुबळी पिल्ले मागे पडतात आणि त्यांना पाळीने पाजावे लागते.

निदान

गर्भ राहिला असो वा नसो, माजानंतर सुमारे दोन महिने कुत्रीच्या शरीरात प्रोजेस्टेरॉनची पातळी उंचावलेली राहते. त्यामुळे गाभण नसलेल्या कुत्रीचेही सड फुगतात व कधी दूधही येते. या 'खोट्या गर्भावस्थे'मुळे केवळ बाह्य लक्षणांवरून निदान करणे फसवे ठरते. पोट चाचपून गर्भ ओळखण्याची जुनी पद्धत मोठ्या, जाड पोटाच्या कुत्रीत फारशी उपयोगी पडत नाही.

सोनोग्राफीत साधारण २५ व्या दिवसापासून गर्भाचे हृदयस्पंदन दिसते, मात्र तिने पिल्ले अचूक मोजता येत नाहीत. मोजणीसाठी क्ष-किरण तपासणी योग्य होय. गर्भाची हाडे सुमारे ४५ व्या दिवसानंतर दिसू लागतात व ५५ व्या दिवसानंतर कवट्या आणि मणके मोजता येतात.

प्रसूती

प्रसूतीच्या सुमारे एक दिवस आधी कुत्रीचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरते. ती अस्वस्थ होते, जमीन उकरते, अन्न टाळते. दोन पिल्लांमध्ये बहुधा अर्धा ते एक तास जातो. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू न आल्यास, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून अधिक वेळ गेल्यास किंवा पहिल्या पिल्लाआधीच गडद हिरवा स्राव दिसल्यास तातडीने पशुवैद्यक गाठावा लागतो. हा हिरवा रंग वार सुटल्याची खूण असते. वेत मोठे असल्यास अतिताणलेले गर्भाशय थकते आणि शेवटची पिल्ले आतच गुदमरू शकतात.

गर्भावस्थेत कॅल्शियमच्या गोळ्या देण्याची प्रथा हानिकारक आहे. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिल्याने शरीराची स्वतःच्या हाडांतून ते उपलब्ध करून घेण्याची यंत्रणा सुस्तावते आणि दूध सुरू झाल्यावर झटके येण्याचा धोका वाढतो.

नवजात पिल्लांना पहिल्या आठवड्यात स्वतःचे तापमान राखता येत नाही. रोगप्रतिकारक द्रव्येही त्यांना मुख्यतः पहिल्या दिवसाच्या चिकातूनच मिळतात. नॉर्वेतील वरील वेतांत सुमारे आठ टक्के पिल्ले मृत जन्मली किंवा पहिल्या आठवड्यात दगावली.

मराठवाड्यातील स्थिती

महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात पाळली जाणारी कारवान (मुधोळ) ही देशी जात उंचीने मोठी, परंतु सडपातळ असते. तिचे वजन साधारण २० ते २८ किलोग्रॅम असल्याने पिल्लांच्या संख्येचा अंदाज बांधताना तिला मध्यम व मोठ्या जातींच्या सीमेवर धरणे योग्य ठरते. केवळ भाकरी-दुधावर ठेवलेल्या गाभण कुत्रीला प्रथिने अपुरी पडतात. दूध पाजण्याच्या ऐन काळात तर मोठ्या वेताच्या आईची अन्नाची गरज नेहमीच्या दुपटीहून अधिक होते.

बालाघाटच्या डोंगररांगेतील धारूर (जिल्हा बीड) हा तालुका ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरासाठी ओळखला जातो. ६३ दिवसांचा गर्भकाळ आणि पिल्ले आईपासून तोडण्यापूर्वीचे आठ आठवडे मिळून ११९ दिवस होतात. हंगामाच्या सुरुवातीला गाभण राहिलेल्या कुत्रीचा हा संपूर्ण काळ त्यामुळे मालकाच्या गैरहजेरीत किंवा उसाच्या फडावर जाऊ शकतो. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

कायदा

भारतात श्वानपैदाशीला २०१७ चे 'प्राणी क्रूरता प्रतिबंधक (श्वान पैदास व विपणन) नियम' लागू आहेत. त्यांनुसार १८ महिन्यांहून लहान कुत्रीपासून पैदास करता येत नाही, लागोपाठच्या दोन माजांत वेत घेता येत नाही आणि तिच्या आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेण्यास मनाई आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लांची विक्रीही करता येत नाही.