जांभळं लेबल

सुपरमॅन पहिल्यांदा अवतरला तो १९३८च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात. किंमत १० सेंट. अमेरिकन पोरांनी असे अंक वाचले, दुमडले, रद्दीत टाकले. १९७०मध्ये ओव्हरस्ट्रीटची किंमत-पुस्तिका निघाली आणि त्याच रद्दीला छापील भाव आला.

भावामागोमाग दुरुस्ती आली. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी, उडालेल्या रंगावर मार्कर, झिजलेल्या कडेला कात्री. दोन-चार अंकांवर हात चालवला, की हौशी माणसाला दुसऱ्याचे अंक घ्यायचाही मोह होतो. हेतू बहुधा चांगलाच असतो.

पण कागद चूक पोटात घालत नाही. लाकडाच्या लगद्याचा हा स्वस्त कागद त्यातल्या लिग्निनमुळे आपसूकच पिवळा पडतो. त्यात पट्टीचा गोंद मुरतो, मार्करची शाई आरपार उतरते. कापलेली कड तर परत येतच नाही. मुरलेले संवर्धक जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, कारण ती पुढे सोडवता येते.

२०००पासून सीजीसी ही कंपनी अंक तपासून, प्रत ठरवून प्लास्टिकच्या डबीत बंद करू लागली. मूळ अंकाला निळं लेबल, डागडुजी केलेल्याला जांभळं. जांभळ्याचा भाव पडतो. विकणाऱ्याने न सांगितलेली दुरुस्तीही आता लेबलावर दिसते.

आम्ही सॉफ्टवेअरवाले अर्धवट माल बिनदिक्कत बाजारात आणतो. उद्या अपडेट देता येतो. १९३८च्या कागदाला ती सोय नाही. हात बसवायला बिनभावाची जुनी कॉमिक्स हवी तेवढी मिळतात. दुसऱ्याचा अंक त्यानंतर.