धरण फुटते, फोडीत कोणी नाही

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. हे वाक्य पुण्याच्या स्मृतीत इतके रुजले आहे की त्याच्या व्याकरणाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ‘फुटणे’ अकर्मक आहे. घडा फुटतो, पालवी फुटते, तसेच धरणही फुटते. येथे धरण स्वतःच कर्ता होते आणि फोडणाऱ्याची वाक्याला गरजच उरत नाही. भाषा शिकविणाऱ्या आम्हांस ही सोय संशयास्पद वाटते.

वेल्ह्याच्या डोंगरांतून वाहणाऱ्या आंबी नदीवरचे हे मातीचे धरण १९६२ साली पूर्ण व्हावयाचे होते. भरावाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्यासाठी जो बंदिस्त मार्ग काढला होता, त्यास पोलादी सळयांचा आधार नव्हता. पोलादाची टंचाई होती, म्हणून साध्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर भागविले गेले. दरवाजांचे कामही अपुरे होते. तरीही १९६१च्या पावसाळ्यातच पाणी साठविण्याचे ठरले. वेगाने धावणाऱ्या पाण्याच्या हादऱ्यांनी तो मार्ग खिळखिळा झाला, वरची माती खचू लागली. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, म्हणून धरण निदान दिवसाउजेडी गेले. खालचे खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातले दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही, आणि पाणी पुण्यात शिरले.

वरच्या परिच्छेदात ‘भागविले गेले’ आणि ‘ठरले’ ही क्रियापदे आम्हीही वापरली आहेत. ती टाळून पाहावीत. वाक्य लगेच अडते. कोणी भागविले? कोणी ठरविले? आराखडा काढणाऱ्याने पोलादाची टंचाई निर्माण केली नव्हती आणि ठोकळे बसविणाऱ्या गवंड्याने तारीख ठरविली नव्हती. चौकशीसाठी नेमलेल्या न्या. बावडेकरांनी काम पुरे होण्याआधीच आत्महत्या केली, पुढे न्या. नाईक यांच्याकडे ते काम गेले. आयोगांच्या कागदपत्रांतले तपशील लोकांच्या बोलण्यात फारसे उतरले नाहीत. बोलण्यात उरले ते ‘फुटले’.

याच्या अगदी उलट व्याकरणाचा दाखला व्हिडिओ गेमच्या इतिहासात सापडतो. १९८२ साली अटारी कंपनीने ‘ई. टी.’ या चित्रपटाचे हक्क घेतले. वाटाघाटी जुलैअखेरीस संपल्या, खेळ मात्र नाताळच्या बाजारात हवा होता; म्हणून हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या एकट्या रचनाकारास जेमतेम पाच आठवडे मिळाले. खेळाडू सारखा खड्ड्यांत पडे. न खपलेल्या प्रती न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या गेल्या आणि २०१४ साली उकरूनही काढल्या गेल्या. येथे कर्ता ठळक आहे: ‘वॉरशॉने खेळ बिघडविला.’ पाच आठवडे मान्य करणारे वरिष्ठ या वाक्यात कुठेच नाहीत. (माणसे वाहून जाणे आणि खेळणे न खपणे यांची तुलना आम्ही करीत नाही, तुलना वाक्यांची आहे.)

एकीकडे कर्ताच नाही, दुसरीकडे चुकीचा कर्ता आहे. सुटतो तो दोन्हीकडे तारीख ठरविणारा. आमच्या मते रचनेतल्या दोषाचा पहिला जाब त्यालाच विचारला पाहिजे, कारण ठोकळ्यांवर भागवायचे की सळयांसाठी थांबायचे, हा पर्याय तारखेनेच काढून घेतलेला असतो. आराखडा काढणारा त्यामुळे निर्दोष ठरत नाही. धोका दिसत असता त्याने लेखी हरकत घेतली की नाही, हे त्यालाही विचारावे लागेल.

पुढे धरण पुन्हा उभे राहिले. त्यास तानाजीसागर असे नाव मिळाले. लोक अजून पानशेतच म्हणतात.