खडी गंमत : उभ्याने झालेली वाटचाल

भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागतात. हलका धान कापून झालेला असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात. दिवसा चौकात खडी गंमत, रात्री नाटक. खडी म्हणजे उभी. शाहीर, मागून सूर धरणारे झीलकरी, ढोलक्या, नाच्या, सोंगाड्या सगळे उभे आणि भोवती गावाचे कडे. पडदा नाही, लिहिलेली संहिता नाही.

आयत्या वेळी रचलेल्या नाटकाचे नाव निघाले की नाट्यशाळांतून इटलीचा दाखला देतात. 1545 साली पादुआत काही नटांनी रीतसर करार करून फिरती मंडळी काढली. तो कोमेदिया देल्लार्ते या उत्स्फूर्त नाट्यप्रकाराचा जुना लेखी पुरावा. चिकट म्हातारा पांतालोने, खादाड नोकर आर्लेकिनो, तोंडावर चामड्याचे मुखवटे. कथेचा आराखडा ठरलेला, संवाद मात्र नटाचे. आमच्याकडे मुखवटा नाही, रंगवलेला चेहरा आहे. आराखडा म्हणजे गण, गवळण, लावणी, वग.

गवळणीत सोंगाड्या गवळण झालेल्या नाच्याची वाट अडवतो. पुढे काय बोलायचे ते ठरलेले नसते. समोरच्या म्हाताऱ्याच्या फेट्यावरून, यंदाच्या धानाच्या भावावरून तो विषय काढतो. नाच्या उलटे उत्तर फेकतो. हशा पिकला की ढोलकीवर थाप पडते, आणि हशा लांबला तर शाहीर पुढचे कडवे ओठांवरच थांबवून धरतो. हे थांबणे कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. झीलकरी म्हणून मागे उभे राहून पोरे ते उचलतात. दुय्यमात, म्हणजे सवाल-जवाबाच्या सामन्यात, दोन शाहीर समोरासमोर आले की खरा कस लागतो.

पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीत गंमतीची सख्खी बहीण म्हणजे दंडार, तीही लोकनाट्यच. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी ‘झाडीपट्टीची दंडार’ लिहून तिला अभ्यासाच्या पाटावर बसवले, हे मोठे काम आहे. झाडीपट्टीचे नाटक याच मातीतले. ते शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, रात्री वाढले, गडचिरोली जिल्ह्यातले वडसा त्याचे केंद्र झाले. 2014 मध्ये न्यायालयाच्या निकालाने पट बंद पडले, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा सुरू झाले. नाटक त्या काळातही मंडयांवर चालत राहिले. 2023 मध्ये या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा सगळ्या झाडीपट्टीची मान उंचावली.

नाटकाला तिकीट मिळाले, मान मिळाला. गंमत मात्र दुपारच्या उन्हातच राहिली, हे मला सलते. इटलीत मुखवट्याची कारागिरी लोपली होती. विसाव्या शतकात शिल्पकार आम्लेतो सार्तोरींना ती नव्याने शोधावी लागली. आमचा सोंगाड्या अजून गावात आहे. त्याच्या गंमती ध्वनिमुद्रित करा, शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याला गुरू म्हणून बोलवा. आणि यंदा मंडईला रात्रीच्या नाटकासाठी येणार असाल, तर दुपारीच या.