इटालियन भाषकांचे प्रगत इंग्रजी शिक्षण

इटालियन मातृभाषा असलेल्या आणि इंग्रजीचा पाया पक्का झालेल्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे वरच्या पातळीचे भाषाशिक्षण. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सामाईक संदर्भ चौकटीत भाषाज्ञानाच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या आहेत. त्यांपैकी बी-२ आणि तिच्या वरच्या पातळ्या येथे अभिप्रेत आहेत. या टप्प्यावर विद्यार्थ्याला नियम बहुधा ठाऊक असतात. उरलेल्या चुका मुख्यतः त्याच्या मातृभाषेतून येतात, आणि म्हणूनच हा अध्यापनाचा स्वतंत्र विषय ठरतो.

या दोन भाषांच्या अध्यापनाचे नाते जुने आहे. लंडनमध्ये जन्मलेल्या जॉन फ्लोरिओने १५७८ मध्ये दोन्ही भाषांतील संवादांचे ‘फर्स्ट फ्रूट्स’ हे पुस्तक काढले. तूरिनचे जुझेप्पे बारेत्ती (१७१९–१७८९) लंडनमध्ये कोशकार सॅम्युएल जॉन्सनच्या मित्रवर्तुळात वावरले. त्यांचा इंग्रजी-इटालियन कोश १७६० मध्ये निघाला. इटलीच्या शाळांत मात्र दीर्घकाळ फ्रेंचला पहिले स्थान होते. २००३ च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळेच्या पहिल्या वर्षापासून इंग्रजी आणली. उच्च माध्यमिक शिक्षण संपताना विद्यार्थी बी-२ पातळीवर असावा, अशी अपेक्षा आहे. २०१९ पासून शेवटच्या वर्षी इंग्रजीची राष्ट्रीय चाचणी होते. ती वाचन आणि श्रवण तपासते; बोलणे आणि लिहिणे तिच्या बाहेर राहते. ही उणीव खाजगी भाषावर्ग भरून काढतात आणि केंब्रिज, ट्रिनिटी किंवा आयईएलटीएस या परीक्षांची तयारी करून घेतात.

इटालियन ही लॅटिनची थेट वारस आहे आणि इंग्रजीचा ग्रंथिक शब्दसंग्रह बराचसा लॅटिन व फ्रेंच मुळांचा आहे. त्यामुळे कायदा, वैद्यक किंवा तत्त्वज्ञानावरचा इंग्रजी उतारा इटालियन वाचकाला फारसा अडवत नाही. अडते ते स्वयंपाकघरात आणि रस्त्यावर. ‘टॉलरेट’ त्याच्या तोंडी सहज येते, कारण घरी ‘तोल्लेरारे’ आहेच. त्याच अर्थाचे ‘पुट अप विथ’ मात्र मुद्दाम शिकावे लागते. इंग्रज मूल जे आधी शिकते ते इटालियन प्रौढाला शेवटी जमते आणि त्याचे बोलणे पुस्तकी वाटते. सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा धोकाही इथेच आहे. ‘एवेन्तुआल्मेन्ते’ म्हणजे ‘गरज पडल्यास’, तर ‘इव्हेंच्युअली’ म्हणजे ‘अखेरीस’. ‘गरज पडल्यास पैसे देऊ’ हे वाक्य व्यावसायिक पत्रात चुकून ‘अखेरीस पैसे देऊ’ असे गेले, तर शक्यतेचे वचन होते.

व्याकरणात सर्वात चिवट अडचण भूतकाळाची. इटालियनमधला ‘पास्सातो प्रोस्सिमो’ हा काळ बांधणीने इंग्रजी पूर्ण वर्तमानकाळासारखाच दिसतो, पण ‘काल’ या शब्दाबरोबरही चालतो. इंग्रजीत ते चालत नाही. उत्तर इटलीत बोलण्यात जवळजवळ सगळा भूतकाळ याच रूपाने सांगतात, तर सिसिलीत साधा भूतकाळ अजून रोजच्या बोलीत जिवंत आहे. त्यामुळे मिलानच्या आणि पालेर्मोच्या वर्गांत या धड्याची सुरुवात वेगळी करावी लागते. याउलट ‘तीन वर्षांपासून मी इथे राहतो’ असे सांगताना इटालियन भाषक वर्तमानकाळ वापरतो आणि इंग्रजीतही तोच नेतो. मराठी विद्यार्थ्यांच्या शिक्षकांना ही चूक अनोळखी नाही. सल्ला, माहिती, फर्निचर यांची अनेकवचने करणे, अमूर्त नामांना उपपद लावणे आणि कर्ता गाळणे या सवयी सी-१ पातळीवरही उरतात.

उच्चाराची बाजू सर्वांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. इटालियन लेखन उच्चाराशी फार प्रामाणिक आहे. त्यामुळे विद्यार्थी छापील इंग्रजी अक्षरावर विश्वास ठेवतो आणि प्रत्येक स्वर पूर्ण उच्चारतो. इंग्रजीत आघात नसलेले स्वर पुसट होतात. हे कानाला सवयीचे नसल्यामुळे सी-१ चा विद्यार्थी संपादकीय लेख समजून घेतो, पण दोन इंग्रजांच्या आपापसातल्या गप्पांत हरवतो. याला चित्रपटांचाही हातभार लागला. परदेशी बोलपटांना इटालियन आवाज देण्याची पद्धत १९३० च्या दशकात फॅसिस्ट राजवटीच्या निर्बंधांमुळे रुजली आणि राजवट गेल्यावरही टिकली. उपशीर्षकांसह मूळ आवाज ऐकणाऱ्या स्वीडन किंवा नेदरलँड्समधल्या मुलांना कानावर पडणारी इंग्रजी फुकट मिळाली. इटलीतल्या कित्येक पिढ्यांना ती मिळाली नाही.

प्रगत वर्गांत वाक्यरूपांतराचे सराव फार घेतले जातात, कारण केंब्रिजच्या परीक्षांत ते विचारले जातात. गुण त्यामुळे वाढतात, कान मात्र तयार होत नाही. लेखनात इटालियन शाळेने घडवलेली लांब, उपवाक्यांची रचना मोडून मुद्दा आधी मांडायला शिकवावे लागते. त्यासाठी चांगला शिक्षक एकाच विषयावरचे इटालियन आणि इंग्रजी लेख शेजारी ठेवून तुलना करून घेतो.

भाषावर्गांच्या जाहिरातींत ‘माद्रेलिंग्वा’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला शिक्षक, हे मोठे आकर्षण असते. सुरुवातीच्या वर्गात त्याचा उपयोग आहे. पण वरच्या पातळीवरच्या चुकांचे मूळ इटालियनमध्ये असल्यामुळे, इटालियन उत्तम जाणणारा शिक्षकच तिथे अधिक कामाचा ठरतो, मग त्याची मातृभाषा कोणतीही असो.