कर्नल साइक्स आणि आमच्या नद्यांतील मासे

श्रीगोंदें तालुक्यांतील भीमाकांठचें पेडगांव म्हटलें, कीं महाराष्ट्रीय वाचकास बहादूरगड आणि 1689 सालीं तेथें झालेली संभाजी महाराजांची विटंबना आठवते. त्याच पेडगांवास प्राणिशास्त्राच्या ग्रंथांतहि स्थान आहे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल.

कंपनीच्या लष्करांतील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स ह्यांस मुंबई सरकारनें 1824 सालीं दख्खनची सांख्यिकीय माहिती जमविण्याच्या कामावर नेमिलें. महसूल व हवामान ह्यांबरोबर त्यांनीं येथील पक्षी आणि मासेहि टिपले. माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र-मंडळाच्या वृत्तांतांत 1839 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील एक मासा भीमेच्या ‘पैरगांव’ येथील आहे. हें पैरगांव म्हणजेच आपलें पेडगांव. त्याचें नांव ‘रोहटी व्हिगोर्सी’. त्यांतील उत्तरार्ध मंडळाचे पहिले चिटणीस व्हिगोर्स ह्यांच्या गौरवार्थ आहे. पूर्वार्ध मात्र अस्सल देशी.

असें एकच उदाहरण नव्हे. शिंगटी, मुल्या, फुलंगी हीं आमच्या नदीकांठचीं नांवें साइक्स ह्यांनीं जशीं ऐकलीं तशीं लॅटिनांत बसविलीं. तीं त्यांना सांगणारे भोई-कोळी कोण होते, ह्याची नोंद कोणी ठेविली नाहीं. निबंधावर नांव एकाचेंच राहिलें.

ह्या सर्वांत थोर मासा ‘खुद्री’, म्हणजे आपला खडशी अथवा महासीर. साइक्स ह्यांनीं तो पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतून वर्णिला. तेंच पाणी पुढें भीमेस मिळून पेडगांवास येतें. गोऱ्या साहेबांनीं आपला ट्राउट काश्मीर आणि निलगिरी येथील थंड ओढ्यांत आणून सोडला. दख्खनच्या उष्ण नद्या त्यास मानवणाऱ्या नव्हत्या. येथें गळ टाकणारांनीं तो मान महासीरासच दिला. मोठे खवले, मिशांच्या दोन जोड्या, आणि आहारांत किडे, शिंपले, शेवाळ, कांठच्या झाडांचीं फळें, असा हा मासा आहे. पावसाळ्यांत तो वरच्या अंगास चढून स्वच्छ, वाहत्या पाण्यांतील गोट्यांवर अंडीं घालतो. प्रवाह अडला अथवा तळ गाळानें भरला, कीं त्याचा वंश खुंटतो. प्रवरेवरील भंडारदऱ्याचें धरण 1926 सालीं व भीमेवरील उजनीचें 1980 सालीं पुरें झालें. शेतीस त्यांचा लाभ झाला हें खरेंच. पण चढणीच्या माशाची वाट बंद झाली.

लोणावळ्याच्या वळवण तलावाकांठीं 1970 नंतर ह्या माशाची कृत्रिम पैदास साधली, ही मोठी गोष्ट होय. परंतु तेथील पिलें कावेरींत सोडल्यावर तिचा स्वतःचा कुबडा महासीर मागें हटला, आणि 2018 सालीं तो अतिसंकटग्रस्त ठरला. एका नदीचा मासा दुसरीस देऊन नदी वांचत नाहीं. तिची तिलाच राखावी लागते.

साइक्स परके होते, तरी त्यांनीं आमच्या भोयांची बोली ऐकून घेतली. आम्ही शिकलेल्यांनीं ती किती ऐकली? अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील महाविद्यालयांनीं भीमा, प्रवरा, मुळा व गोदावरी यांच्या कांठच्या वृद्ध भोयांकडून माशांचीं नांवें आणि सवयी आजच लिहून घ्याव्या, आणि सांगणारांचीं नांवेंहि त्यांत घालावीं, असें आम्हांस वाटतें.