वर्गणीदार कीं गिऱ्हाईक ?

पुष्कळांच्या खिशांतून थोडथोडे पैसे जमवून मोठें कार्य तडीस नेण्याची युक्ति आजकालची नव्हे. पोप कवीनें 'इलियड'चें आपलें भाषांतर १७१५ ते १७२० या वर्षांत आगाऊ वर्गणीदार मिळवूनच प्रसिद्ध केलें. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं वर्षाला एक पैसा मागून 'पैसा फंड' उभारला, व त्यांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. न्यूयॉर्क बंदरांतील स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा १८८५ सालीं पैशांवांचून अडला, तेव्हां जोसेफ पुलित्झर यांनीं आपल्या 'वर्ल्ड' पत्रांतून लोकांना हांक दिली. रक्कम कितीहि लहान असो, देणाराचें नांव छापूं, असें त्यांचें वचन होतें. सुमारें पांच महिन्यांत एक लाख वीस हजारांवर लोकांनीं एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली.

या तिन्ही ठिकाणीं देणाराची भूमिका स्वच्छ होती. पोपच्या वर्गणीदारास ग्रंथ हवा होता; फंडास पैसा देणारास किंवा 'वर्ल्ड'च्या वाचकास एका सार्वजनिक कार्याला हातभार लावावयाचा होता. विकत घेणें निराळें आणि हातभार लावणें निराळें, हें उभयतांस ठाऊक होतें.

२००९ सालीं न्यूयॉर्कमध्यें 'किकस्टार्टर' निघालें, आणि ही सीमारेषा पुसट होऊं लागली. तेथील नियम असा कीं, ठरलेल्या मुदतींत ठरलेली रक्कम न जमल्यास कोणाचाच पैसा घ्यावयाचा नाहीं. जमल्यास शेंकडा पांच संस्थेचे. २०१२ सालीं 'पेबल' नांवाच्या मनगटी घड्याळासाठीं सुमारें ६९ हजार लोकांनीं एक कोटीहून अधिक डॉलर दिले. सप्टेंबरांत यावयाचें घड्याळ पुढील जानेवारींत निघूं लागलें. दरम्यान, आपण दुकान नव्हे, असें किकस्टार्टरला जाहीर करावें लागलें, व न घडलेल्या यंत्राचीं हुबेहूब चित्रें दाखविण्यास त्यानें बंदी केली. तरीहि २०१४ सालीं 'कूलेस्ट' नांवाच्या बर्फपेटीस ६२ हजारांवर लोकांनीं एक कोटी बत्तीस लाख डॉलर दिले. ही पेटी गाणीं ऐकवी आणि फोनहि भारित करी. परंतु घेतलेल्या पैशांत ती पुरवणें परवडेना. पैसे भरलेले लोक वाट पाहत असतांना ती बाजारांत विक्रीस आली. आणि २०१९ च्या डिसेंबरांत कंपनी बंद झाली, तेव्हां सुमारें वीस हजार लोक रिक्तहस्त राहिले.

पॉडकास्टांची हकीकत याहून वेगळी आहे. हें नांव २००४ सालीं लंडनच्या 'गार्डियन' पत्रांतील एका लेखांत प्रथम सुचविलें गेलें. रचनाशास्त्र व वास्तुकला यांवरील '९९% इन्व्हिजिबल' या पॉडकास्टाच्या रोमन मार्स यांनीं २०१२ सालीं मदत मागितली, तेव्हां एक लाख सत्तर हजार डॉलर जमले. येथें माल तर आधींच फुकट ऐकावयास मिळत होता ! ऐकून पारखलेली वस्तु पुढेंहि चालूं राहावी, एवढ्यासाठींच लोकांनीं पैसे दिले. ही खरी वर्गणी, आणि ती पैसा फंडाच्या कुळांतली.

बर्फपेटीसाठीं पैसे भरणाराचा लोभ आम्हांस दोषास्पद वाटत नाहीं. दोष आहे तो या व्यवहाराच्या अर्धवट नांवांत. नफ्याच्या वेळीं गिऱ्हाईक आणि नुकसानीच्या वेळीं वर्गणीदार, असें दुहेरी पागोटें देणाराच्या डोक्यावर चढविलें जातें. म्हणून पैसे देण्यापूर्वीं प्रत्येकानें स्वतःस एवढेंच विचारावें : ही वस्तु कधींच हातीं आली नाहीं, तरी दिल्याचें समाधान मला राहील काय ? उत्तर 'नाहीं' असें येत असेल, तर वस्तु दुकानांत येईपर्यंत थांबणें बरें.